कासवाचा कोपरा

माणसं जंगलात यायच्या कितीतरी आधी अस्वलाची कचेरी एका अंधाऱ्या गुहेत भरत असे. उजेड काजव्यांचा. ते दमू नयेत म्हणून दारात खार बसवली. आत कुणी हललं की ती काजव्यांना पेटायला हाक मारी; एरवी ते विझून राहत.

कोपऱ्यात कासव अर्ज वाचत बसे. ते हलत नसे, म्हणून काजवे विझत. एकदा अंधारात त्याच्या हातून सशाच्या बिळाचा अर्ज चुकून नामंजूर झाला आणि ससा बेघर झाला.

"खारूताई, काजवे विझले तेव्हा आत कुणी नव्हतं का?" अस्वलाने विचारलं.

"दारातून मला हलणारेच दिसतात, साहेब."

अस्वल कासवाशेजारी जाऊन न हलता बसलं. थोड्या वेळाने काजवे विझले.

"सशाला परत बोलवा," अंधारातून अस्वलाचा आवाज आला, "आणि खारूताई, तुम्ही इथे, कासवाशेजारी बसा."