भिंतीपलीकडचा खोकला

मुलांनो, जंगल जिथे संपते तिथे, ओढ्याच्या काठी, बिळांची एक दाट वस्ती होती. बिळाला बीळ चिकटलेले. एकाची भिंत तीच दुसऱ्याची. तिथे एक उंदरीण आपल्या पिलांसह राहत असे. तिचा जन्मही तिथलाच. शेजारच्या बिळात एक म्हातारी चिचुंद्री होती. ती खोकली की उंदरिणीला जाग येई, आणि उंदरिणीचे पिलू रडले की चिचुंद्री भिंतीपलीकडून विचारी, "काय गं, पोट दुखतंय का त्याचं?" खाण्यावरून भांडणे तर रोजचीच. पण साप दिसला, की पहिल्या बिळातली हाक क्षणात शेवटच्या बिळापर्यंत पोचे.

एका वर्षी ओढा चढला, वस्तीत पाणी शिरले आणि उंदरिणीचे धाकटे पिलू वाहून गेले. पाणी ओसरल्यावर तिने टेकडीवरच्या उंबराची ढोली शोधून काढली. कोरडी, उंचावरची, ऐसपैस. ती निघाली तेव्हा चिचुंद्री म्हणाली, "जा बाई. पिलं जगली पाहिजेत." आणि तोंड फिरवून उगाच माती उकरत बसली.

ढोलीत पिले हातपाय पसरून झोपू लागली. उंदरीण मात्र कोपऱ्यात अंग चोरूनच निजे. एवढ्या मोकळ्या जागेचे काय करायचे, हे तिला ठाऊकच नव्हते. एखादे पिलू मोठ्याने बोलले, की ती सवयीने म्हणे, "हळू बोल, शेजारी ऐकतील." ऐकायला होते कोण? वरच्या ढोलीतली खार रोज समोरून जाई, पण कधी बोलत नसे. कुणाचा खोकला ऐकू येत नाही म्हणून झोप लागत नाही, हे सांगायचे तरी कुणाला? शेवटी एका सकाळी पिलांना घेऊन उंदरीण वस्तीकडे निघाली.

तिला पाहताच वस्तीत गलका झाला. तिच्या बिळात आता दुसरी बाळंतीण राहत होती, तरी सगळ्यांनी सरकून जागा केली. चिचुंद्रीने जपून ठेवलेले दाणे पिलांपुढे टाकले. उंदरिणीचे डोळे भरून आले. "मावशी, मी आता इथेच राहते," ती म्हणाली.

चिचुंद्रीने भिंतीवरची ओल दाखवली. "पाणी इथवर आलं होतं. पुन्हा येईल. तरुणपणी माझीही पिलं त्यानंच नेली, तरी माझा पाय निघाला नाही. आता मला टेकडी चढवत नाही. तुला चढवतं, तर जा. आठवण आली की येत जा."

उंदरीण जड पावलांनी टेकडीवर परतली. संध्याकाळी तिने थोडे दाणे नेऊन खारीच्या दाराशी ठेवले. "मी खालच्या ढोलीतली," ती अवघडून म्हणाली. "आमच्या वस्तीत शेजारणीचं जेवण झालं का, हे विचारल्याशिवाय कुणी निजत नसे."

खारीने दाणे जवळ ओढून घेतले. मग बाजूला सरकत म्हणाली, "आत ये ना. मी इथे कधीची राहते, पण मला हे कुणी विचारलं नव्हतं."

तात्पर्य : दाटीत वाढलेल्याला मोकळी जागाही परकी वाटते, पण वस्ती सोडली तरी तिने शिकवलेली माया बरोबर नेता येते, आणि ती इतरांना दिली की परकी जागाही आपली होते.