वईपलीकडचा हात

"…तर मग ती वई उभी का राहत नाही, आक्का? तीन वर्षं झाली!"

वासुदेवमास्तर मठाच्या पडवीत उभे होते. लेंगा गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला, हातात त्या झुडपांच्या कुंपणातली निरगुडीची मोडकी काठी. ती काठी त्यांनी भागाक्कांच्या पुढ्यात टाकली, जणू तिच्यावर खटलाच भरायचा होता.

भागाक्का आमच्या मठाच्या गुरू. वय ऐंशीच्या पुढं. लोक त्यांना प्रश्न विचारायला येतात आणि त्या बहुतेक वेळा बागेत खुरपं घेऊन बसलेल्या असतात. मी मठाचा स्वयंपाक बघतो. त्या सकाळी पडवीतच भिजवलेले वाल सोलत बसलो होतो.

खरं सांगतो, मला या मास्तरांचा थोडा रागच होता. बारा वर्षं आक्कांकडे येतात, आणि आम्हांला शिकवल्याशिवाय जात नाहीत. मागच्याच गुरुवारी 'माझं-तुझं सोडा' यावर तासभर बोलले होते. तोवर माझा भात करपला.

आक्कांनी काठी उचलली. साल नखानं खरवडून पाहिली.

"जिवंत आहे की. काय काय लावलंस?"

"सगळं इथलंच. निरगुडी, अडुळसा, मधेमधे करवंद. गुरं तोंड लावणार नाहीत असं बघून. रुजलंय झकास, पुरुषभर उंच वाढलंय. पण भातं कापून झाली, गुरं मोकाट सुटली, की कुठलीतरी म्हैस येऊन अंग घासते आणि अख्खी वई माझ्या परसात आडवी!"

"तुझ्याच परसात?"

"माझ्याच. दर वर्षी."

"हं…"

"आक्का, येत्या बुधवारच्या आत ती उभी राहायला हवी. काहीही करून."

"बुधवारी काय आहे?"

 मला ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. बुधवारी त्यांच्या धाकट्या भावाच्या, अच्युतच्या मुलीचं, शलूचं लग्न. वईच्या पलीकडं अच्युतचं अंगण, तिथंच मांडव पडणार. आईनं लावलेलं सुरंगीचं झाड हद्दीवर होतं, ते अच्युतनं न विचारता तोडलं, तेव्हापासून चार वर्षं भावाभावांत बोलणं नाही. सुरंगी गेली, आणि त्या जागी मास्तरांनी ही वई लावली.

"मला तो मांडव दिसता कामा नये," मास्तर म्हणाले.

आक्का काठीवरची माती पुसत राहिल्या.

"बांधतोस कशी?"

"बांधतो म्हणजे… रोपांना बांबूच्या आडव्या कामट्या लावतो, काथ्यानं आवळतो."

"कामट्या कुठल्या अंगाला?"

"माझ्या."

"आणि पलीकडून?"

"पलीकडून कोण लावणार!"

आता आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की वईला दोन्ही अंगांनी बांबूच्या कामट्या लागतात. एकानं काथ्या इकडून सारायचा, पलीकडच्यानं तो आपल्या कामटीवरून घेऊन परत सारायचा, मग गाठ. एकाच अंगानं आवळली तर वई त्याच अंगाला कलंडणार. मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही हो. लहानपणी ते नि अच्युत मिळूनच बांधायचे. मी पाहिलंय.

"पलीकडं जाऊन स्वतःच बांधायचं," आक्का म्हणाल्या.

"त्याच्या अंगणातून जावं लागतं."

"मग गडी पाठव."

"गडी पाठवला तरी त्याला विचारावं लागेल. म्हणजे मीच विचारल्यासारखं झालं!"

"झालंच."

"ते मी करणार नाही. दुसरा काही उपाय असेल तर सांगा."

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल. आपल्याही वईचं बांधायचं राहिलंय. काथ्या घे."

मठाच्या मागं वई आहे, निरगुडीचीच, दाट. कामट्या दोन्ही अंगांनी लावून ठेवल्या होत्या. आक्का फाटकातून बाहेर पडून वळसा घालून पलीकडं गेल्या. पानांतून त्यांचं काहीच दिसेना. मीही वाल ठेवून उठलो. गंमत बघायला कुणाला आवडत नाही?

"सार," पलीकडून आवाज आला.

मास्तरांनी काथ्याचं एक टोक वईतून सारलं. ते गेलं. दुसरं टोक हातात धरून मास्तर उभे.

काथ्या परत येईना.

"आक्का?"

…

"धरलात का?"

…

कुठंतरी बुलबुल ओरडत होता. मास्तरांनी या पायावरून त्या पायावर भार घेतला. मानेवर घाम आला.

"आक्का, द्या ना परत."

…

"अहो, बोला तरी काहीतरी!"

काही नाही. एक पानही हललं नाही.

"हा काय पोरखेळ चाललाय!" मास्तर ओरडले, आणि हातातलं टोक त्यांनी टाकून दिलं.

ते टोक हळूहळू सरकत पानांत शिरलं आणि दिसेनासं झालं.

थोड्या वेळानं आक्का वळसा घालून परत आल्या. अख्खा काथ्या त्यांच्या मनगटावर गुंडाळलेला.

"वासू, काथ्या सगळा माझ्याकडं आला. आता गाठ कशी मारशील?"

"तुम्ही परत दिलाच नाहीत!"

"देत होते रे बाबा. म्हातारीचे हात आहेत. वेळ लागतो."

मास्तरांनी आपल्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. मग ते तिथंच, मातीत, मटकन बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. आले की खुर्ची मागायचे.

मास्तर बोलू लागले. आवाज प्रवचनातला नव्हता.

"पत्रिका द्यायला तो स्वतः आला होता, आक्का. फाटकाशी उभा राहिला. दादा म्हणून हाक मारली. मी आत पुस्तक धरून बसलो. ओ दिली नाही."

"मग?"

"मग तो उभाच राहिला."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं… नाही. जास्त. उन्हात उभा होता. मी खिडकीतून बघत होतो. शेवटी पत्रिका फाटकावर ठेवून गेला."

"उघडलीस?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

आक्का त्यांच्या शेजारी बसल्या. बसताना गुडघे वाजले. मनगटावरचा काथ्या त्या उलगडू लागल्या, सावकाश, गुंता न होऊ देता.

"शलूला अक्षरं मी शिकवली," मास्तर म्हणाले. "माझ्याच मांडीवर बसून पाटीवर गिरवायची. माझ्या हातून घास भरवून घ्यायची, स्वतःच्या बापाच्या हातून नाही…"

आणि त्यांना रडू फुटलं. अगदी उघड, पोरासारखं. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं ठेवला. आणखी काय करणार?

ते पाणी प्यायले. लेंग्याची माती झटकली. उठून उभे राहिले. जरा वेळ वईकडं बघत राहिले.

"सुरंगी त्यानं तोडायला नको होती," ते म्हणाले.

"नको होती," आक्का म्हणाल्या.

"विचारायला हवं होतं."

"हवं होतं."

मास्तरांनी हात पुढं केला. आक्कांनी काथ्याची गुंडी त्यांच्या हातात दिली. ते चार पावलं गेले आणि परत फिरले. तोंड एवढंसं झालं होतं.

"आक्का… आज संध्याकाळी मी हाक मारली, काथ्या सारला, आणि पलीकडून त्यानं परत दिलाच नाही तर?"

आक्कांनी गुंडीतून काथ्याचं टोक सोडवलं, मास्तरांच्या तळहातावर ठेवलं, आणि त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"आपल्याकडचं टोक सोडू नकोस."