दगडांची पहिली शेजारीण

समुद्राचे बांध अजून लाकडाचे होते, त्या काळातली ही गोष्ट. हॉलंड देशाच्या वरच्या अंगाला ड्रेन्थ नावाचा मुलूख आहे. तिथे डोंगर औषधालाही सापडायचा नाही. नजर जाईल तिथवर सपाट माळ, आणि माळभर गुडघ्याएवढं हेदरचं झुडूप. आपल्याकडे श्रावण चालू असतो, तेव्हा तिथला अख्खा माळ जांभळा होतो.

आणि अशा त्या माळावर, जिथे डोंगर नाही, खाण नाही, तिथे हत्तीएवढाले दगड उभे आहेत. दोन रांगांत उभे दगड आणि त्यांच्या डोक्यावर आडव्या टाकलेल्या शिळा. कुणी आणले, कसे चढवले? जुनी माणसं म्हणायची, हुने नावाच्या राक्षसांनी. म्हणून त्या दगडी घराला म्हणतात हुनेबेड, राक्षसांचा बिछाना. शिकलेली माणसं म्हणतात, राक्षस वगैरे काही नाही, पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी बांधलेली ही घरं. दोघांचंही ऐकून घ्यावं आणि एकदा त्या दगडांपाशी जाऊन उभं राहावं. तिथे मोठमोठ्यानं बोलणाऱ्याचाही आवाज आपोआप खाली येतो.

तर या मुलखात हेस्टेलो नावाचं गाव होतं. अकरा घरांचं. गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, ऐन माळात, त्रेचाळीस दगडांचं एक हुनेबेड होतं, आणि त्याच्या शेजारी एक गवती छपराची झोपडी. झोपडीत फ्राउकिन राहायची. नवरा मेलेली, एकटी बाई. गावाच्या मेंढ्या राखायची. बोलायची कमी, आणि बोललीच तर मेंढ्यांशी. त्यामुळे गावानं तिला अर्धवट ठरवून टाकलं होतं. गावाला तेवढं काम असतंच.

त्या मुलखातला शेजारधर्म मोठा कडक. ज्याचं घर सगळ्यात जवळ, तो पहिला शेजारी. कुणी गेलं, तर घरच्यांनी नुसतं रडायचं. देहाला आंघोळ घालायची, खड्डा खणायचा, दारोदार जाऊन सांगायचं, ते सगळं पहिल्या शेजाऱ्यानं. आणि पहिल्या शेजाऱ्याच्या होकाराशिवाय कुणाचंही घर पाडायचं नाही, असाही एक नियम होता. तो कुणाला फारसा आठवत नव्हता, कारण घरं कोण पाडतंय?

मग एका वर्षी समुद्रातून एक किडा आला. बोटभर लांबीचा, पांढरा, दिसायला गरीब. पण त्यानं बांधांचे लाकडी खांब आतून पोखरले. बाहेरून खांब धडधाकट, आणि हात लावला की भुसा. समुद्र आत शिरला, गावंच्या गावं गेली. लाकूड चालत नाही म्हटल्यावर दगड हवे झाले, आणि त्या देशात दगड आहेत कुठे? तर ड्रेन्थच्या माळावर.

बांधाच्या कामावरचा युरियन नावाचा मोठा अधिकारी घोड्यावरून हेस्टेलोला आला. ओकच्या झाडाखाली गाव जमलं. गावाचा पुढारी वोल्टर म्हणाला, "हुनेबेड कुणाच्या मालकीचं नाही साहेब. घेऊन जा." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मेंढ्यांसकट फ्राउकिन तिथे येऊन उभी राहिली.

"पहिली शेजारीण मी आहे," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं?"

लोक हसले. वोल्टर समजुतीनं म्हणाला, "मावशी, शेजारी व्हायला तिथे माणूस राहायला नको का? रिकामे दगड ते."

त्यावर फ्राउकिननं जे सांगितलं, ते तिनं तोवर मेंढ्यांनाही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "नऊ वर्षांपूर्वी माझी लेक जन्मली आणि एका दिवसात गेली. पाणी शिंपडून नाव ठेवायच्या आत गेली, म्हणून चर्चच्या आवारात तिला जागा मिळाली नाही. खड्डा खणायला तुमच्यातलं कोण आलं? मी तिला या दगडांच्या उंबऱ्याशी घेऊन गेले. त्यांनी जागा दिली. शेजारधर्म त्यांनी पाळला, वोल्टर. आता माझी पाळी आहे."

वोल्टर खाली बघत राहिला. बोलला तो युरियन, आणि तोही वाईट माणूस नव्हता. डोक्यावरची टोपी काढून तो म्हणाला, "बाई, माझी दोन गावं पाण्याखाली गेली. त्यांतही लेकरं होती. नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणापर्यंत, वादळी वारे सुटायच्या आत, मला त्रेचाळीस दगड लागतील. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

फ्राउकिननं माळाकडे बघितलं. तिला त्या बुडालेल्या लेकरांचंही वाईट वाटत होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "त्रेचाळीस देते. पण त्यांचे नाही. माळाच्या पोटातले."

माळाच्या पोटात वाळू सोडून काही नाही, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. तरी युरियननं सणापर्यंत सहा आठवड्यांची मुदत दिली. तोवर एकही दगड कमी पडला, तर घण घेऊन माणसं हुनेबेडवर जातील, असं ठरलं.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. सकाळी सगळा माळ दहिवरानं पांढरा व्हायचा, पण मधूनच एखादी जागा काळी राहायची, गाडीच्या चाकाएवढी. मेंढ्या ऊब शोधत नेमक्या तिथे जाऊन बसायच्या. फ्राउकिन हे वीस वर्षं बघत आली होती. कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. तिनं तिथे काठी रोवली. हातभर आत गेली आणि टक् असा आवाज आला. माणसांनी खणलं, तर खाली चार माणसांच्या कवेत मावणार नाही असा दगड.

असं म्हणतात, पहिले दहा दगड घाम गाळून काढावे लागले. पुढचे वीस, वरची माती सारली की दिसायला लागले. आणि त्यानंतर तर फ्राउकिन नुसती जाऊन उभी राहायची आणि पायाखालची वाळू सरसर बाजूला व्हायची. खालून कुणीतरी दगड वर ढकलतंय, असं खणणाऱ्यांना वाटायचं. एकानं तर खड्ड्याला कान लावला, आणि मग दिवसभर तो कुणाशी बोलला नाही. तुमच्यातल्या कुणाला हसायचं असेल तर हसा बापडे. खणायला गेलेले हसत गेले होते, येताना हसत नव्हते.

बेचाळीस झाले. आणि माळ बंद पडला. आठ दिवस फ्राउकिन दलदलीच्या काठापर्यंत फिरली, काठी रोवत राहिली, टक् काही ऐकू येईना. वारा फिरून वायव्येकडून यायला लागला. ओठांवर जीभ फिरवली की खारट लागायचं. सणाच्या आदल्या दिवशी घण आणि पाचरी घेऊन माणसं माळाच्या वाटेला लागली.

त्या सकाळी तिनं मेंढवाडा उघडला. मेंढ्या चरायला गेल्याच नाहीत. त्या झोपडीभोवती फिरल्या, गोल करून बसल्या आणि सगळ्यांनी तोंडं झोपडीकडे केली.

फ्राउकिनला कळलं. तिच्या झोपडीची जमीन कधीच गार पडायची नाही. कितीही बर्फ पडो, अनवाणी पाय टेकवावा तर ऊब. त्याच जमिनीवर तिची लेक जन्मली होती. त्याच भिंती नवऱ्यानं हातानं लिंपल्या होत्या. तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. ती दारात उभी राहून खूप रडली, आणि मग शिडी लावून तिनं छपराची पहिली पेंढी उपसली.

घणवाले येऊन थांबले. मागून गाव आलं. फ्राउकिन दुसऱ्या पेंढीला हात घालणार, तेवढ्यात वोल्टर पुढे झाला. "मावशी, थांबा," तो म्हणाला. "पहिल्या शेजाऱ्याच्या होकाराशिवाय घर पाडता येत नाही."

त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. फ्राउकिन शिडीवरून उतरली. चालत हुनेबेडपाशी गेली, मोठ्या शिळेवर हात ठेवून उभी राहिली. अख्खं गाव बघत होतं. वारा थांबला, असं म्हणतात. मेंढ्यांचं रवंथ करणंही थांबलं. काही वेळानं ती परत आली.

"हो म्हणाले," ती म्हणाली.

मग गावानंच झोपडी उतरवली, एकेक पेंढी हातात घेऊन, अलगद. जमीन खणली, आणि दगड निघायला लागला. निघतच राहिला. आधीचे बेचाळीस त्याच्यापुढे पोरंसोरं होती. गावाचे सगळे घोडे आणि सगळे बैल जुंपले, दोर तुटले, दगड तसूभर हलेना. तेव्हा फ्राउकिननं त्याला थोपटलं आणि म्हणाली, "चल बाबा. तिकडे लोक बुडताहेत."

आणि दगड चालायला लागला. थंडीनं जमीन कडक झाली होती म्हणून घसरला, असं कुणी म्हणतं. ज्यांनी पाहिलं ते म्हणायचे, घोडे नुसते बरोबर चालत होते. तो गेला तिथे माळावर एक लांबलचक चर पडला. त्यात अजून पाणी असतं आणि बगळे उतरतात.

मार्टिनच्या सणाच्या दिवशी तो दगड बांधाच्या सगळ्यात कच्च्या जागी बसला. त्याच दुपारी समुद्र उठला. तीन दिवस लाटा बांधावर आपटत होत्या. बांध हलला नाही. त्या हिवाळ्यात एकही लेकरू बुडालं नाही. वसंतात युरियन घोडा गावात ठेवून माळावर पायी आला. आधी हुनेबेडपुढे वाकला, मग फ्राउकिनपुढे.

इकडे गावात वेगळंच भांडण पेटलं होतं. फ्राउकिनला घर नाही, तर तिचा पहिला शेजारी कोण? अकराही घरं म्हणत होती, आम्ही. दोरी घेऊन अंतर मोजायला निघाले, तर मोजायचं कुठून? शेवटी वोल्टरची म्हातारी आई वैतागून म्हणाली, "ती उभी असेल तिथून मोजा की मेल्यांनो!" झालं. तेव्हापासून सकाळी मेंढ्या तिला ज्या दारी नेतील, ते घर त्या दिवसाचा पहिला शेजारी. नवं घर बांधून देतो म्हटलं, तर ती नको म्हणायची. ज्या बाईशी कुणी बोलत नव्हतं, तिच्यासाठी अकरा चुली पेटायला लागल्या.

अशी ती खूप वर्षं जगली. मग एका साली पहिलं दहिवर पडलं, त्या सकाळी मेंढ्या एकट्याच माळावर गेल्या. गावानं विचारपूस सुरू केली. पहिल्या घरची बाई म्हणाली, आत्ताच तर आमच्याकडे ताकातली लापशी खाऊन गेली. दुसऱ्या घरची म्हणाली, आमच्याकडे. तिसरी म्हणाली, छे, आमच्याकडे, हा बघा तिचा वाडगा, अजून कोमट आहे. अकरा घरांत अकरा वाडगे कोमट होते. फ्राउकिन कुणाला पुन्हा दिसली नाही.

आता बांध मोठे झाले, मेंढ्यांपेक्षा सायकली जास्त झाल्या, हुनेबेड बघायला देशोदेशीची माणसं येतात. पण हेस्टेलोत पहिलं दहिवर पडतं, त्या सकाळी प्रत्येक घरात एक जास्तीची खुर्ची मांडतात आणि दार उघडं ठेवतात. माळाच्या वाटेनं जो कुणी जाईल त्याला आत बोलावतात. नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. मग तो दाढीवाला परदेशी गडी का असेना, चिखलानं भरलेले बूट घेऊन अवघडून बसलेला. घरची बाई त्याच्यापुढे लापशीचा वाडगा ठेवते, खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "सावकाश हं मावशी, गरम आहे."