मंदारवती आणि रोमक नगरीचा मांत्रिक

एका राज्यात, डोंगर संपून समुद्र सुरू होई तिथे, रोमहून आलेल्या रोमक लोकांनी वसवलेली एक नगरी ओस पडली होती. तिथल्या सोन्याला जो हात लावी, तो फरशीवरचे रंगीत खड्यांचे चित्र होऊन जाई. राजपुत्र सुषेण सोने आणायला गेला आणि परतला नाही. तेव्हा त्याची धाकटी बहीण मंदारवती पहाटेच निघाली.

वेशीच्या कमानीवर हुदहुद पक्षी बसला होता. "सोने हवे?" त्याने विचारले.

"भाऊ हवा. आणि ही नगरीही पाहायची आहे."

"मग रंगशाळेतल्या मांत्रिकाला भेट."

पक्षी पुढे उडत निघाला. वाटेत दगडी रस्त्यावर रथांनी पाडलेल्या चाकोऱ्या होत्या. ती वाकून त्यांत बोटे फिरवू लागली. "लवकर चल!" पक्षी ओरडला.

रंगशाळेच्या सर्वांत वरच्या पायरीवर मांत्रिक बसला होता. "सूर्यास्तापूर्वी तीन कामे कर," तो म्हणाला, "नाहीतर भाऊ कायमचा दगड. पहिले, कोरड्या स्नानगृहात पाणी आण."

स्नानगृहाच्या भिंतीत शिशाची नळी होती. ती कुठून येते, हे पाहत मंदारवती डोंगरापर्यंत चढली. तिथे झऱ्याचे तोंड दगडाने बुजले होते. तो तिने ढकलला. पाणी खळाळत खाली गेले.

"दुसरे, खाली उभी राहून कुजबुज; मला इथवर ऐकू आले पाहिजे."

जागा बदलत, कान देत ती हिंडली. एका गोल शिळेवर तिचा स्वतःचाच श्वास तिला घुमून ऐकू आला. तिथे ती कुजबुजली, "आजोबा, तुम्ही एकटेच राहता?"

मांत्रिकाने तोंड फिरवले. "तिसरे. कोषागारात माझे म्हणून जे आहे, ते आण."

कोषागाराच्या फरशीवर रंगीत खड्यांचा सुषेण हात पुढे करून पडला होता. तिचे डोळे भरले. भोवती सोन्याच्या राशी, सगळ्यांवर धूळ. मातीचा एक खेळण्यातला घोडा मात्र लखलखीत पुसलेला. तो उचलून तिने मांत्रिकाकडे आणला.

"हा कोणाचा?"

"माझ्या मुलीचा. तापाने गेली ती. चोर सोन्यासाठी आले, त्यांनी तिची खेळणी तुडवली. तेव्हा मी शाप दिला."

"तिचे नाव काय?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. "लिविया," तो म्हणाला, आणि रडू लागला. त्या अश्रूंबरोबर शाप सुटला. कोषागाराच्या फरशीवरून माणसे उठून बाहेर आली. सुषेणाच्या केसांतून खडे गळत होते. मांत्रिक घोडा उराशी धरून समुद्राकडे चालता झाला. सोने तिथेच राहिले.

"चल घरी," सुषेण म्हणाला.

"थांब दादा, अजून उजेड आहे," मंदारवती म्हणाली. "ती पलीकडची गल्ली राहिली."