मारला तरी उठणारा कंटेनर

"मारला की पुन्हा उठतो, बाई. कसा मारू?"

हर्षद भोईटे पडवीच्या पायरीवर उभा होता. रेनकोट अंगातच, लॅपटॉप त्याच्या आत छातीशी धरलेला. मोटरसायकलची किल्ली हातातून पडली, तेही त्याला कळलं नाही.

बर्वे बाईंनी चहाचा रिकामा पेला खाली ठेवला.

"आधी बस."

बाईंनी त्याला कॉलेजात शिकवलं होतं. कंटेनर सांभाळणारं एक खुलं सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलं, त्यात बाईंचाही बरीच वर्षं हात होता. तेच वापरून हर्षदने धरणाखालच्या गावांसाठी इशाऱ्याची यंत्रणा उभारली होती. प्रोग्राम एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये ठेवायचा. तो बंद पडला की सॉफ्टवेअर लगेच तसाच दुसरा उभा करतं. "आमची यंत्रणा मरतच नाही," असं तो उद्घाटनाच्या भाषणात म्हणाला होता. टाळ्या भरपूर पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय जातं!

"काय झालं, ते सांग."

"धरणाचे दरवाजे उघडे की बंद, ते सांगणारा सेन्सर अडकलाय. दरवाजे बंद आहेत, तो उघडे म्हणतोय. माझा प्रोग्राम ते खरं धरून चाललाय. सकाळपासून गावागावांत मेसेज जातायत... पाणी सोडलं, घरं सोडा."

"लोकांनी सोडली?"

"पहिल्यांदा सोडली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन टेकडीवर गेले. नंतरही गेले. आता..."

"आता?"

"आता हसतात, बाई." त्याचा आवाज चिरकला. "आणि मघाशी धरणावरून फोन आला. संध्याकाळी खरंच दरवाजे उघडणार आहेत."

"पोलीस पाटलांना कळवलंस?"

"ते आता माझा फोनच उचलत नाहीत."

त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने बघितलं आणि डोळे मिटून घेतले. तोच मेसेज.

पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"मी कंटेनर मारतोय," लॅपटॉप काढून उघडत हर्षद म्हणाला. "डोळ्यांदेखत दुसरा उठतो आणि तेच खोटं पाठवायला लागतो. तुमच्या लोकांचा कोड खुला आहे म्हणून तो उघडून बसलो. त्यात चूक सापडत नाही."

"नाहीच आहे."

"मग तो मरत का नाही?"

बाईंनी बोटाने पेला आडवा केला. तो घरंगळत हर्षदपाशी गेला. त्याने उचलून उभा केला.

बाईंनी पुन्हा पाडला. त्याने पुन्हा उभा केला.

आणखी एकदा पाडला. त्याचा हात गेलाच.

"कोण उठवतंय?" बाईंनी विचारलं.

हर्षदने हात मागे घेतला...

"सॉफ्टवेअरला काय लिहून दिलंयस?"

"असे तीन कायम चालू हवेत."

"अजून तसंच आहे?"

"...हो."

"तीनच्या जागी शून्य लिहायचं, हे मी सांगायला हवं तुला?"

"माहीत आहे, बाई!" तो ओरडलाच. मग मान खाली घालून म्हणाला, "शून्य लिहिलं की यंत्रणा बंद. मी माझ्या हाताने बंद केली, असं होईल. रात्री कोणी वाहून गेलं तर... माझं नाव येईल. वाटलं, आपोआप मरेल. नाहीतर तुम्ही काहीतरी उपाय सांगाल."

घाबरलेल्या माणसाचं डोकं असं चालतं. मेलं तर हवं, पण आपल्या हातून नको.

बाईंनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तीन खोडलं. शून्य लिहिलं.

कंटेनर एकेक करून बंद पडले. हर्षद पडद्याकडे बघत राहिला... कोणी उठलं नाही. खिशातला फोनही गप्प झाला.

आणि आता त्याला खरी भीती वाटली. इतका वेळ पडद्यावर निदान काहीतरी चाललं होतं. आता वर भरलेलं धरण, खाली गावं आणि मध्ये कोणीच नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बाई, आता त्यांना कोण सांगणार?"

बाई उठल्या. पायरीवरची किल्ली उचलून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली.

"मी?" हर्षद म्हणाला. "माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? माझ्याच यंत्रणेने सकाळपासून खोटं सांगितलंय."

"जायला किती वेळ लागेल?"

"तासभर."

"संध्याकाळ व्हायला अजून वेळ आहे."

हर्षद उठला. असं रडवेलं तोंड घेऊन गावासमोर कसं उभं राहायचं, म्हणून त्याने खिशातून रुमाल काढला.

बाईंनी त्याचा हात धरला.

"तसाच जा. तोंड पुसू नकोस."