सुळकू श्वास आणि शांतामावशीचं 'असू दे'

एक होता श्वास. इवलासा. नाव सुळकू.
तो राहायचा छोट्या वेणूच्या छातीत. सुळुक बाहेर, सुळुक आत. दिवसभर हेच काम.

एकदा आईने गोधडी झटकली. फट् फट्! धूळ उडाली. वेणू शिंकली. सुळकू बाहेर पडला आणि परत येतो तो काय, वाट बंद!

वाट म्हणजे श्वासाची नळी, नळीताई. ती आखडून बसली होती.
"नळीताई, नळीताई, उघड ना."
"मी नाही उघडत. सूजबाई उतरल्या तर उघडेन."

सुळकू गेला सूजबाईंकडे. सुळुक सुळुक. बाई फुगून बसल्या होत्या.
"सूजबाई, सूजबाई, उतरा ना. नळीताई उघडेना, मी घरी जाऊ कसा?"
"मी नाही उतरत. शिपाईदादा निघाले तर उतरेन."

सुळकू गेला शिपाईदादांकडे. सुळुक सुळुक. दादा लाठी आपटत होते. ठक ठक. कुणाला मारायचं, ते काही ठाऊक नव्हतं.
"शिपाईदादा, शिपाईदादा, निघा ना. सूजबाई उतरेनात, नळीताई उघडेना, मी घरी जाऊ कसा?"
"मी नाही निघत. हवालदारकाका थांबले तर निघेन."

सुळकू गेला हवालदारकाकांकडे. सुळुक सुळुक. काका शिट्टी फुंकत होते. कुर्र कुर्र. गाल दुखले, तरी फुंकत होते.
"हवालदारकाका, हवालदारकाका, थांबा ना. शिपाईदादा निघेनात, सूजबाई उतरेनात, नळीताई उघडेना, मी घरी जाऊ कसा?"
"मी नाही थांबत. पहारेकरीआबा गप्प बसले तर थांबेन."

सुळकू गेला पहारेकरीआबांकडे. सुळुक सुळुक. आबांचे हात लांब लांब, नजर मात्र अधू. "चोर, चोर," आबा ओरडत होते. हातात होता धुळीचा कण. मी काही चोरलं नाही, नुसता उडालो, असं तो बिचारा सांगत होता. पण आबा ऐकतात कुठे?
"आबा, आबा, गप्प बसा ना. हवालदारकाका थांबेनात, शिपाईदादा निघेनात, सूजबाई उतरेनात, नळीताई उघडेना, मी घरी जाऊ कसा?"
"मी नाही बसत गप्प. मी चोर म्हटलं की चोर. शांतामावशी 'असू दे' म्हणाली तर बसेन."

भांडण दिसलं की 'असू दे' म्हणायचं, हे मावशीचं काम. पण मावशी गाढ झोपली होती. घुर्र घुर्र.
"मावशी, मावशी, ऊठ ना. आबा गप्प बसेनात, हवालदारकाका थांबेनात, शिपाईदादा निघेनात, सूजबाई उतरेनात, नळीताई उघडेना, मी घरी जाऊ कसा?"
"मी नाही उठत. आईने औषध दिलं तर उठेन."

सुळकू गेला आईकडे. तिला सगळं सगळं सांगितलं. पण श्वासाला बोलता कुठे येतं? आईला ऐकू आलं एवढंच,
"सुंई."

आईने वेणूच्या छातीला कान लावला. वेणूला दम लागलाय, हे तिला कळलं. डॉक्टरांनी दिलेला औषधाचा पंप तिने वेणूच्या तोंडाशी धरला. फुस्स!

मावशी उठली. म्हणाली, "असू दे."
आबा गप्प बसले. हवालदारकाका थांबले. शिपाईदादा निघाले. सूजबाई उतरल्या, जरा आढेवेढे घेत. नळीताई उघडली. सुळकू घरी गेला. सुळुक!

इतका वेळ वेणूला बोलताच येत नव्हतं. आता श्वास पुरला. ती म्हणाली,
"आई, भूक."
आईचे डोळे भरून आले. ती भात कालवायला उठली.

वेणूचा दम परत आला, आमच्या गोष्टीचा दम संपला.