मनोऱ्याची नक्कल

उंच इमारती नुकत्याच बोलायला लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खडकाळ किनाऱ्यावरच्या साठ मजली मनोऱ्याच्या अंगावर हजारो रंगीत दिवे होते. बंदराच्या तोंडाशी असलेलं जुनं दीपगृह मात्र तीनदा लुकलुकायचं आणि थोडा वेळ अंधारात जायचं.

मनोरा हसून म्हणाला, "आजोबा, मधूनमधून डुलकी लागते वाटतं?"

"डुलकी नव्हे रे. त्या अंधारावरूनच कोळी मला ओळखतात."

मनोऱ्याला ते झोंबलं. एवढा झगमगतो, तरी आपल्याला कुणी असं ओळखत नाही! त्या संध्याकाळी तोही तीनदा लुकलुकून थोडा वेळ विझू लागला.

समुद्रावर धुकं उतरलं होतं. परतणाऱ्या होडीतून हिराजी तांडेल ओरडला, "दिसला आपला दिवा! वळवा रे होडी!"

होडी मनोऱ्याच्या पायथ्याच्या खडकांवर फुटली. पाच जण पोहत किनाऱ्याला लागले. हिराजी लागला नाही.

मनोऱ्यानं सगळे दिवे मालवले. "आजोबा," तो म्हणाला, "माझ्याशी बोला ना."

दीपगृह तीनदा लुकलुकलं आणि अंधारात गेलं. अजून चार होड्या बाहेर होत्या.